‘प्लेथोरा’ पाठ आहे, पण मेल ‘व्हेरी गुड’च्या पुढे जात नाही

डोंबिवलीहून एका ताईंनी विचारलं आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.कॉम., वय सत्तावीस, नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका विमा कंपनीत, दाव्यांच्या विभागात. गेली दोन वर्षं लोकलमध्ये बसून, बहुतेक वेळा उभ्याने, त्यांनी साडेतीन हजार अवघड इंग्रजी शब्दांची यादी पाठ केली. अ‍ॅपवरच्या चाचणीत शंभरात नव्वद मिळतात. तरी मेल लिहायला बसलं की ‘गुड’, ‘नाइस’, ‘व्हेरी इम्पॉर्टंट’ यांच्यापुढे हात जात नाही. एकदा धीर करून ‘देअर इज अ प्लेथोरा ऑफ क्लेम्स पेंडिंग ड्यू टू रेन’ (पावसामुळे दाव्यांची प्रमाणाबाहेर रेलचेल झाली आहे) असं लिहिलं, तर साहेबांनी मेल परत पाठवला: साधं लिहा. त्यांचा प्रश्न असा, की चुकतंय कुठे आणि वरच्या दर्जाचं शब्दभांडार कमवायचं कसं?

ताई, मी दादरला अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवतेय. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं तुमच्यासारखीच, मराठी शाळेतून आलेली आणि हातात यादी घेऊन आलेली. तुमची मेहनत कमी पडली असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही शब्दांची फक्त नावं पाठ केलीत, ते कुणाच्या संगतीत वावरतात हे पाहिलं नाहीत. शिवाय या दोन वर्षांत तुम्ही तुमचं मराठी दाराबाहेर ठेवलंत. माझ्या मते खरी अडचण या दुसऱ्या गोष्टीत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

बऱ्याच वर्षांपूर्वी लालबागची एक मुलगी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी लिहिलेला निबंध घेऊन माझ्याकडे आली. वडील गिरणी कामगार. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि त्यांची नोकरी कायमची गेली. मग सकाळी भाजीची गाडी, रात्री वॉचमनची ड्यूटी, असं करून त्यांनी तीन मुलं शिकवली. निबंधात तिनं लिहिलं होतं, ‘माय फादर वॉज अ‍ॅन ऑब्स्टिनेट मॅन.’ मी म्हटलं, इंग्रजी राहू दे, बाबा कसे होते ते मराठीत सांग. ती म्हणाली, हट्टी. मी विचारलं, हट्टी म्हणजे? समजावलं तरी ऐकायचे नाहीत? “नाही हो बाई, तसं नाही.” थोडा वेळ ती गप्प बसली. मग म्हणाली, “चिवट होते.”

आता शोधायला काहीतरी हातात आलं. चिवट म्हणजे धरलेलं न सोडणारा. इंग्रजीत ‘टेनेशस’. तो शब्दसुद्धा ‘धरून ठेवणं’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातूनच आला आहे. तिच्या यादीत ‘स्टबर्न, ऑब्स्टिनेट, टेनेशस’ हे तिन्ही शब्द एकाच ओळीत होते आणि पुढे अर्थ एकच लिहिलेला: हट्टी. मराठीत मात्र तिला हट्टी, दुराग्रही, ठाम, जिद्दी, चिकाटीचा आणि चिवट यांतला फरक कुणी शिकवावा लागला नव्हता. घरात ऐकून ऐकून तो तिच्या कानात मुरलेला होता. तो कान तुमच्याकडेही आहे. यादी पाठ करताना त्याला कामच मिळालं नाही, इतकंच.

म्हणून माझा पहिला नियम असा: इंग्रजी शब्द आठवेना, तर आधी मराठीतला नेमका शब्द शोधा. ‘चांगला रिपोर्ट’ म्हणजे कसा? सविस्तर? मुद्देसूद? निःपक्षपाती? चोख? सविस्तर असेल तर ‘डिटेल्ड’, सगळ्या बाजू घेतल्या असतील तर ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’, चोख असेल तर ‘मेटिक्युलस’. ‘गुड’ हा शब्द तुम्हाला इंग्रजी येत नाही म्हणून येत नाही. मराठीत विचार करतानाही आपण ‘चांगला’वर थांबतो, म्हणून तो येतो.

आता आकड्यांचं बोलू, कारण साडेतीन हजार हा आकडा तुमच्या मनात घर करून बसला आहे. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला, की कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रं मदतीशिवाय वाचायची, म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असायचे, तर साधारण आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. कुटुंब म्हणजे ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसाइसिव्ह’, ‘इनडिसिजन’ ही सगळी मंडळी मिळून एक. यातली पहिली दोन हजार कुटुंबं कोणत्याही सर्वसाधारण मजकुराचा ऐंशी टक्क्यांच्या आसपासचा भाग व्यापतात. ती तुम्हाला येतात. या नेहमीच्या शब्दांची एक प्रसिद्ध यादी मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये छापली. हे वेस्ट पूर्वी ढाक्याला शिक्षणखात्यात होते आणि बंगालच्या मुलांना इंग्रजी वाचता यावं यासाठी त्यांनी कितीतरी काम केलं. पुढे २००० मध्ये अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी अभ्यासाच्या लेखनातल्या ५७० शब्दकुटुंबांची यादी केली. ‘असेस’, ‘कन्सिस्टंट’, ‘इम्प्लाय’, ‘डिराइव्ह’, ‘सस्टेन’ असे शब्द. अभ्यासग्रंथांतला सुमारे दहा टक्के मजकूर एवढ्यांनीच व्यापला जातो.

यात एक गंमत नीट पाहा. तुमच्या यादीत ‘ऑब्स्ट्रेपरस’ (दंगेखोर) आहे, पण ‘असेस’ नाही, कारण तो ‘सोपा’ वाटतो. मधल्या पट्ट्यातले हे शब्द वाचताना कळतात, त्यामुळे कुणी शिकवत नाही आणि लिहिताना कुणाला सुचत नाहीत. अवघड शब्दांच्या याद्या आपल्याकडे आल्या त्या परदेशी प्रवेशपरीक्षांमुळे. जीआरईमध्ये ऑगस्ट २०११ पर्यंत सुटा शब्द देऊन विरुद्धार्थी शब्द विचारत, तेव्हा यादी घोकून गुण मिळत. ते प्रश्न काढले, आता वाक्यातली गाळलेली जागा भरायची असते. परीक्षा बदलली, याद्या मात्र किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर अजून तशाच विकल्या जातात. तुम्हाला तर परीक्षाही द्यायची नाही. मग आधी मधला पट्टा पक्का करा. ‘ऑब्स्ट्रेपरस’ची कुठे गाठ पडली तर पडू दे.

आता संगतीबद्दल. पाऊस उघडतो, पाणी ओसरतं, ताप उतरतो, वादळ शमतं, राग निवळतो. या पाचही गोष्टी ‘कमी होणं’ आहेत, पण पाणी उघडलं किंवा पाऊस उतरला असं कुणी म्हटलं तर पाच वर्षांचं पोरसुद्धा वळून बघेल. इंग्रजीतही अशीच सोयरीक ठरलेली असते. पावसाला ‘लेट अप’, पुराच्या पाण्याला ‘रिसीड’, सुजेला ‘सबसाइड’, वादळाला ‘अबेट’. चहा आपल्याकडे कडक, त्यांच्याकडे ‘स्ट्राँग’. ‘पॉवरफुल टी’ चालत नाही. शब्दाचा अर्थ कळला म्हणजे तुम्हाला त्याचं नाव कळलं. त्याची संगत कळली की तो तुमच्या हाताशी आला.

याहून खोलात एक गोष्ट आहे आणि ती मला फार प्रिय आहे. मराठीत ‘मुळे’ आणि ‘पायी’ दोन्ही कारण सांगतात. पण ‘दारूपायी घर गेलं’ म्हणतो, ‘अभ्यासापायी पहिला नंबर आला’ म्हणत नाही. ‘पायी’ आला की काहीतरी गमावलं असणार, किंवा जिवाला तोशीस लागली असणार, हे आपण आधीच ओळखतो. कोशात हे क्वचितच लिहिलेलं असतं. इंग्रजीतल्या ‘कॉझ’ या अगदी साध्या क्रियापदाचं हेच आहे. लाखो वाक्यं संगणकावर तपासली तेव्हा भाषाशास्त्रज्ञांना दिसलं, की त्याच्यापुढे बहुतेक वेळा वाईटच येतं: ‘डॅमेज’, ‘प्रॉब्लेम’, ‘कन्सर्न’, ‘डीले’. उलट ‘प्रोव्हाइड’पुढे ‘सपोर्ट’, ‘हेल्प’, ‘सर्व्हिस’. म्हणून ‘हर हार्ड वर्क कॉझ्ड हर प्रमोशन’ व्याकरणात बसतं, पण ऐकणाऱ्याला बढती म्हणजे एखादा अपघात वाटतो. ‘लेड टू’ किंवा ‘अर्न्ड हर’ म्हणा. वरच्या दर्जाचं इंग्रजी म्हणजे हे. यात एकही अवघड शब्द नाही.

तुमच्या ‘प्लेथोरा’चं दुखणंही इथलंच. तो मूळचा वैद्यकातला शब्द, शरीरात रक्त प्रमाणाबाहेर वाढण्याचा. अजूनही त्याला ‘अति झालं’ असा वास आहे आणि तो भाषणात, लेखात शोभतो. रोजच्या कामाच्या मेलमध्ये तो म्हणजे साध्या वरणभाताला पैठणी नेसून बसणं. तुमच्या साहेबांना शब्द कळला नाही असं मला वाटत नाही. त्यांना तो तिथे खटकला असणार.

शब्दांचे हे पोशाख इंग्रजीत का आहेत, हे एकदा समजून घ्या. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबार फ्रेंच बोलू लागला, चर्च आणि विद्वान लॅटिनमध्ये लिहीत राहिले, शेतातला माणूस जुनं इंग्रजीच बोलला. त्यामुळे एकेका गोष्टीला तीन तीन शब्द उरले. ‘आस्क’ घरचा, ‘क्वेश्चन’ फ्रेंचांकडचा, ‘इंटरॉगेट’ लॅटिनमधला. आपणही घरात विचारतो, सभेत प्रश्न उपस्थित करतो आणि पोलीस चौकशी करतात. दूध आणि दुग्ध, हात आणि हस्त. ‘दुग्धव्यवसाय’ म्हणतो, पण बाळाला दुग्ध पाजत नाही. ज्याला हे मराठीत कळतं त्याला इंग्रजीतही कळू शकतं. प्रत्येक नव्या शब्दाला एवढंच विचारायचं, की बाबा रे, तू दूध की दुग्ध?

मुळांचा आधार घ्यायचा तर मराठी माणसाइतकी सोय थोड्यांकडे असेल. १७८६ मध्ये विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच उगमातून निघालेल्या असाव्यात. त्या उगमाचं पाणी आपल्या घरात आहे. दंत आणि ‘डेंटिस्ट’, मृत आणि ‘मॉर्टल’, नव आणि ‘रिनोव्हेट’, दान आणि ‘डोनेट’, जन्म आणि ‘जेनेटिक’. पद म्हणजे पाय, लॅटिनमध्ये ‘पेड’. आता ‘इम्पीड’ म्हणजे पायात बेडी घालणं, म्हणून अडथळा आणणं. ‘एक्स्पेडाइट’ म्हणजे पाय बेडीतून सोडवणं, म्हणून काम लवकर मार्गी लावणं. तुमच्या विभागात ‘एक्स्पेडाइट द क्लेम’ रोज म्हणत असतील. आता तो शब्द पुन्हा विसराल असं वाटत नाही. आणि माझा सगळ्यात आवडता, ‘सबज्युगेट’. यातलं ‘ज्युग’ म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू, संस्कृतातलं युग. जुवाखाली आणणं म्हणजे अंकित करणं. गावाकडून आलेली मुलं हा शब्द एकदा ऐकून घेतात, दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

पण मुळांवर विसंबून अर्थाचा अंदाज बांधू नका. ‘पेडेस्ट्रियन’मधला ‘पेड’ पायाचा आहे, तर ‘पेडियाट्रिक्स’मधला ग्रीक, मुलाचा. मूळ हे लक्षात ठेवायला खुंटीसारखं वापरा, अर्थ मात्र वाक्यातून आणि कोशातून घ्या.

याद्यांमध्ये कधीच न येणारा एक मोठा भाग म्हणजे छोट्या शब्दांनी बनलेली क्रियापदं. ‘रूल आउट’, ‘फॉल थ्रू’, ‘पुट अप विथ’, ‘कम अप विथ’. मुलं म्हणतात, बाई, ‘आउट’ आणि ‘अप’ काय शिकायचे? मी फळ्यावर चार वाक्यं लिहिते. तो बोलून गेला. तो बोलून बसला. त्यानं बोलून टाकलं. त्यानं बोलून दाखवलं. बोलणं तेच, पण एकात अनवधान, दुसऱ्यात पश्चात्ताप, तिसऱ्यात सुटका, चौथ्यात रोख. परभाषकाला हे शिकताना घाम फुटतो आणि आपण ते दिवसभर सहज वापरतो. इंग्रजीतल्या ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ यांचं काम साधारण आपल्या ‘टाकणं, बसणं, जाणं’सारखं आहे. त्यांची यादी करू नका, वाक्यं गोळा करा. ‘वी कॅनॉट रूल आउट फ्रॉड’, म्हणजे फसवणुकीची शक्यता नाकारता येत नाही, हे वाक्य तुमच्या टेबलावर महिन्यातून एकदा तरी येत असेल.

आपल्या बोलण्यातल्या इंग्रजी शब्दांपासून मात्र सावध राहा. मुंबईत गॅलरी म्हणजे घराची बाल्कनी, हॉटेल म्हणजे जेवायची जागा, डाउट म्हणजे शंका, माणूस ‘एक्स्पायर’ होतो. मराठीत हे शब्द आता आपले आहेत आणि त्यांत काही गैर नाही. पण लंडनच्या माणसाला ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलंत, तर त्याला वाटेल तुमचा त्याच्या बोलण्यावर विश्वास नाही, ‘क्वेश्चन’ म्हणा. ‘प्लीज रिव्हर्ट’ इथल्या कचेऱ्यांत चालतं, बाहेर ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वस्थितीला जाणं, तिथे ‘रिप्लाय’ लिहा. ‘प्रिपोन’ खुशाल वापरा, तो ऑक्सफर्डच्या कोशात पोचला आहे. मुंगूस तर त्याच्याही आधी गेला; ‘माँगूस’ हा इंग्रजी शब्द मराठीतूनच तिकडे गेलाय.

आता रोज करायचं काय ते सांगते.

वाचन एका विषयात करा. आज क्रिकेट, उद्या अंतराळ, परवा शेअर बाजार असं केलं तर प्रत्येक वेळी नवे शब्द भेटतात आणि कुणाशीच ओळख होत नाही. माझ्या अनुभवात एखादा शब्द आपला व्हायला दहा-बारा वेळा तरी वेगवेगळ्या वाक्यांत भेटावा लागतो. एकाच विषयात राहिलं की ते आपोआप घडतं. २६ जुलै २००५ चा पाऊस घ्या, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. त्याबद्दलचे इंग्रजीतले पाच जुने लेख वाचा. ‘इनन्डेट’, ‘स्ट्रँडेड’, ‘डिसरप्ट’, ‘सबमर्ज’, ‘डेल्यूज’ हे शब्द पाचही ठिकाणी भेटतील, दर वेळी वेगळ्या सोबत्याबरोबर. पाचव्या लेखात कळेल, की ‘इनन्डेटेड’ फक्त रस्ते होत नाहीत, तक्रारींनी कचेरीही होते. प्रसंग आपला असल्यामुळे अर्थ अर्धा आधीच माहीत असतो. तुम्ही विम्यात आहात, तेव्हा पहिलं वर्ष विमा, पूर, आरोग्य आणि ग्राहक न्यायालयांचे निकाल एवढंच वाचलंत तरी पुष्कळ आहे. ‘वेव्ह’, ‘लॅप्स’, ‘रिप्युडिएट’, ‘लाएबल’, ‘मिटिगेट’ हे तुमच्या रोजीरोटीचे शब्द आहेत.

पुस्तक निवडताना एक पान मोजून बघा. तीनशे शब्दांच्या पानावर पाच-सहा शब्द अडले तर ते पुस्तक तुमच्यासाठी आहे. पंधरा अडले तर सध्या बाजूला ठेवा. त्यात कमीपणा नाही, सहा महिन्यांनी पुन्हा उघडा.

कोश इंग्रजी-इंग्रजीच वापरा आणि तोही परभाषकांसाठी केलेला. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिकवत होते. आपल्या विद्यार्थ्यांना मोठे कोश पुरत नाहीत, शब्द वापरायचा कसा हे त्यांत नाही, हे पाहून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर नवा कोश रचला, तो १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला. पुढे तोच ऑक्सफर्डचा ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ कोश झाला. म्हणजे तो मुळातच आपल्यासारख्यांसाठी आहे. ‘इन्फर्मेशन’, ‘इक्विपमेंट’, ‘अ‍ॅडव्हाइस’ यांना अनेकवचनाचा ‘स’ लागत नाही, हे त्यात पहिल्याच ओळीत दिसतं. अर्थ बघून कोश मिटू नका, खालची दोन उदाहरणं वाचा. आणि उच्चार ऐका. ‘इपिटमी’ला ‘एपिटोम’, ‘सटल’ला ‘सबटल’ आणि ‘इंडाइट’ला ‘इंडिक्ट’ म्हणणारी हुशार मुलं मुलाखतीत अडखळतात, कारण त्यांनी शब्द फक्त डोळ्यांनी शिकलेला असतो.

कार्डं करा, पण अ‍ॅपवर आहेत तशी नकोत. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं पहिल्या एक-दोन दिवसांत झपाट्यानं निसटतं, मग वेग मंदावतो. म्हणून उजळणी अंतर वाढवत करायची: उद्या, चार दिवसांनी, पंधरा दिवसांनी, दीड महिन्यानं. कार्डावर शब्द आणि अर्थ लिहू नका. तुम्ही वाचलेलं खरं वाक्य लिहा आणि तो शब्द गाळा. मागे उत्तर, आणि मराठीतला नेमका शब्द. डोंबिवली ते कुर्ला तीस कार्डं सहज होतात, एका हातानं वरची कडी धरूनसुद्धा. आठवड्याला नवे शब्द पाचच घ्या. पाच ऐकून तुम्हाला कमी वाटेल. पण त्या पाचांपैकी प्रत्येक शब्द त्याच आठवड्यात तीन वेळा खरोखर वापरायचा, मेलमध्ये, डायरीत, बोलण्यात. वर्षाला अडीचशे शब्द तुमच्या हाताखाली येतात, बाकीचे वाचनातून न बोलावता येतात.

या सगळ्यांतलं एकच करायला वेळ असेल, तर पुढचं करा. मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, तेव्हा त्याच्या पानावर दोन रकाने होते, एक इंग्रजी आणि एक मराठी. मी मुलांना वहीचं पान तसंच आखायला सांगते. इंग्रजी अग्रलेखातला शंभर शब्दांचा एक परिच्छेद घ्या. सोमवारी तो चांगल्या मराठीत लिहून काढा. शब्दाला शब्द नको, मराठी वाचणाऱ्याला ते मुळातच मराठी वाटलं पाहिजे. मूळ परिच्छेद कपाटात ठेवा. शुक्रवारी फक्त मराठी समोर घेऊन ते पुन्हा इंग्रजीत आणा आणि मग मूळाशी ताडून बघा. सोळाव्या शतकात इंग्लंडात रॉजर अ‍ॅस्कम यांनी लॅटिन शिकवायला हीच रीत सांगितली होती.

काय होतं ते एका वाक्यावरून दाखवते. मूळ होतं, ‘द गव्हर्नमेंट स्टॉप्ड शॉर्ट ऑफ बॅनिंग इट.’ एका मुलानं मराठीत सुरेख लिहिलं, ‘बंदी घालण्यापर्यंत मात्र सरकारची मजल गेली नाही.’ शुक्रवारी त्यानं परत इंग्रजी केलं, ‘बट द गव्हर्नमेंट डिड नॉट बॅन इट.’ बरोबर आहे, पण ‘मजल’ हरवली. ती ‘स्टॉप्ड शॉर्ट’मध्ये होती. तीन वेळा वाचूनही त्याच्या नजरेत न भरलेले ते दोन सोपे शब्द त्या दिवशी त्याला पहिल्यांदा दिसले. आठवड्याला असा एक परिच्छेद केला की तीन-चार महिन्यांत लिहिण्यात फरक जाणवतो, मी तो कित्येकांच्या वह्यांत पाहिला आहे. बोलण्यात उतरायला वर्ष-दीड वर्ष धरा.

आता तुमचा तो परत आलेला मेल घेऊ. पावसानंतर दाव्यांचं काय झालं होतं, मराठीत सांगा. ‘खूप दावे आहेत’ असं म्हणायचं होतं का? मला वाटतं, ‘दावे तुंबलेत’ असं म्हणायचं होतं. येत राहिले, निकाली निघाले नाहीत आणि साचले. वर्तमानपत्रात यालाच अनुशेष म्हणतात, आणि इंग्रजीत ‘बॅकलॉग’. हा शब्द तुम्ही शंभर वेळा ऐकला असेल, म्हणूनच तुमच्या यादीत तो नव्हता. तेव्हा लिहा, ‘वी हॅव अ बॅकलॉग ऑफ क्लेम्स फ्रॉम द जुलै फ्लड्स.’ आणि त्याची संगतही आत्ताच बघून ठेवा. बॅकलॉग हळूहळू ‘बिल्ड अप’ होतो. आपण अनुशेष भरून काढतो, ते ‘क्लिअर’ करतात. हे तुमचं पहिलं कार्ड. ‘वी एक्स्पेक्ट टू’, मग गाळलेली जागा, मग ‘द बॅकलॉग बाय द एंड ऑफ द मंथ.’ उद्या सकाळच्या गाडीत एकदा बघा आणि दुपारी साहेबांना तो मेल पुन्हा पाठवा.